उजव्या गालावरचा उजेड

लोक दार वाजवतात. हे गृहस्थ जमीन वाजवायचे.

उंबऱ्याबाहेर वहाणा काढायच्या, त्या भिंतीला लावून नीट जोडीनं ठेवायच्या आणि म्हणायचं, “अक्का, बसतो न् जातो.” मी ‘या’ म्हणेपर्यंत स्वारी डाव्या अंगाच्या कोपऱ्यात पोचलेली. तिथं आमची ज्वारीची कणगी असायची. कणगीला खेटून उकिडवं बसायचं, बोटं मुडपायची आणि सारवलेल्या भुईवर ठक ठक करायचं. मग मान वाकडी करून ऐकायचं, खालून कुणी ‘कोण आहे’ म्हणून विचारेल अशा बेतानं. कुणी विचारायचं नाही. मग मान हलवून म्हणायचं, “लई घट्ट भरलंय अव्वानं,” आणि मांडी घालून बसायचं.

तुम्ही म्हणाल, डोक्यावर परिणाम झालेला असणार. आधी मीही तेच म्हणत होते. तेव्हा जरा दम धरा.

त्यांचं नाव मी सांगत नाही. गल्लीतली पोरं त्यांना खड्डेमामा म्हणायची आणि ते ऐकून ते हसायचे, तेवढं पुरे.

मी माढ्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा गिरणीच्या भोंग्याला दचकायची, आणि सासूबाईंना त्याहून जास्त. सासूबाई सांगोल्याच्या माळावरच्या. मेंढरं हाकून हाकून आवाज असा कमावलेला की बोळातून हाक मारली तर चौकातला टांगा थांबावा. सासरे गेलेले. आमचे हे गिरणीच्या गोदामात मुकादम. धाब्याच्या छपराच्या दोन खोल्या. पुढची मोठी, मागची चुलीची. पुढच्या खोलीचं दार भिंतीच्या मधोमध. आत आलं की डाव्या हाताला कणगी आणि उजव्या हाताला सासूबाईंची बाज. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ते पहिल्यांदा आले ती नारळी पौर्णिमा होती. सासूबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. उंच, काटकुळा, धुतलेलं धोतर, मनगटाला नवा कोरा दोरा. वयानं असतील चाळिशीचे. हात जोडून म्हणाले, “हे माझ्या ताताचं घर.”

झालं! सासूबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. “आरं वा रं वा! माज्या मालकानं घेतल्यालं घर, न् ह्येच्या ताताचं कसं झालं? कोन हाय रं ह्यो तुजा ताता?”

“आजोबा. तेलुगूत ताता म्हणतात. घर तुमचंच आहे की, अव्वा. माझं कुठं काय म्हणणं आहे? लई मागं आम्ही इथं भाड्यानं होतो. जरा बसतो न् जातो.”

अव्वा म्हणजे त्यांच्याकडं आजी. सासूबाईंना आजी म्हणवून घ्यायची तेव्हा हौस नव्हती, पण माणूस गरीब दिसला. त्यांनी वाट दिली. तो कोपऱ्यात गेला, भुई वाजवली, कान दिला, बसला. पाणी दिलं ते प्याला. ‘च्या नको’ म्हणाला. थोड्या वेळानं उठला, भुईला हात लावून तो हात डोळ्यांना लावला आणि गेला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

पण गल्ली कशी गप्प बसणार? भिंतीपलीकडची तांबोळीण धावत आली. “अगं बयांनो, भुई वाजवून बघतो म्हणजे काय? हंडा! तिथं हंडा असणार पुरलेला. त्याच्या आधी तुम्ही खणा.” सासूबाईंनी तिला हाकलून लावलं खरं, पण पुढं बरेच दिवस त्या कोपरा सारवायला मला देत नव्हत्या. स्वतः सारवायच्या, आणि सारवताना मधूनच थांबायच्या. मी तोंडाला पदर लावून हसायची.

दुसऱ्या वर्षी पौर्णिमेला तो परत आला. सासूबाईंनी आडपडदा ठेवलाच नाही. “खरं सांग. खाली काय हाय?”

“खड्डा,” तो म्हणाला.

“आन खड्ड्यात?”

“धोटा.”

मग त्यानं सांगितलं ते असं.

त्याचा ताता आणि अव्वा मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, कुठल्याशा खेड्यातून डोक्यावर मागाची लाकडं घेऊन चालत सोलापुरात आले. हातमागाला जमिनीत खड्डा लागतो. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबतो. आता भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकला तरी मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि ह्यांनी तर राहत्या घरात मांडीएवढा खड्डा खणायचा! पावसाळ्यात खड्ड्याला ओल यायची, मालक बोंब मारायचा, आणि दोघं आपली लाकडं उचलून नवं घर बघायची. घर सोडताना अव्वा स्वतःच्या हातानं खड्डा बुजवायची. ताताला हात लावू द्यायची नाही. उघडा खड्डा ठेवून गेलं तर घर माणसाला मागं बोलावत राहतं, असं ती म्हणायची. गेलेल्या घरानं बोलावू नये, नव्या घरी जीव रमावा, म्हणून पायानं तुडवून तुडवून भरायची.

ह्याचे आईबाप प्लेगात गेले. हा लहान होता. ताता-अव्वांनी वाढवला, तो ह्या घरात. इथंच ताता गेला. अव्वानं माग मोडला आणि खड्डा भरायला घेतला. भरायच्या आधी ताताचा धोटा, मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं फेकतात तो, तळाशी ठेवला. “हा आता कुणी फेकायचा?” एवढंच म्हणाली. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं अव्वाही फार जगली नाही. पोराला कुणी लांबच्या नातेवाइकानं नेलं, मग गिरणी.

“दोघांचा फोटो नाही, अव्वा. भांडं नाही, कापड नाही. कापड तर सगळं विकायलाच असायचं. ताताचा हात लागलेलं एवढंच आहे. खाली आहे.”

 सासूबाई म्हणाल्या, “मग खनून घे की. आडवतंय कोन?”

“नको नको!” तो अंग चोरून म्हणाला. “लोकांच्या राहत्या घरात खड्डा कसा मागायचा? आहे हे माहीत आहे, बास. वर बसलं की झालं.”

सासूबाईंनी फार आग्रह केला नाही. राहत्या घरात भुई खणणं त्यांनाही बरं वाटत नव्हतं, आणि कणगीही भरलेली होती. मी विचारलं, “पण इतक्या वर्षांनी हीच खोली कशी ओळखली? ह्या ओळीतल्या सगळ्या खोल्या सारख्या आहेत.”

“दारासमोरचा लिंब ओळखीचा. आणि उजेड. मागावर उजेड दाराचा. तो उजव्या गालावर यायचा, अक्का. पक्कं आठवतंय. सकाळी गाल तापायचा.” असं म्हणून तो कणगीजवळ भिंतीला पाठ लावून बसला, उजवा गाल दाराकडं. खरंच उजेड गालावर आला. आम्हाला काय, पटलं.

तेव्हापासून तो आमचा झाला म्हणा ना. नारळी पौर्णिमेला त्यांच्या लोकांचे माग बंद असतात. त्या दिवशी ताता-अव्वा राहिलेल्या एकूण एक घरांना तो जाऊन यायचा आणि शेवटी आमच्याकडं. देवळं करावीत तशी घरं करायचा. एका घराची आता कोळशाची वखार झाली होती. तिथं बसून आला की पाठीमागून धोतर काळंकुट्ट. सासूबाई दारातच ओरडायच्या, “आदी बूड झाड, मग आत ये!” एका घरात टांगेवाल्यानं तबेला केला होता. तिथं हा घोड्याशेजारी बसायचा. टांगेवाला म्हणायचा, “बैठो चाचा, घोडा काटता नै. पिच्छे मत बैठो बस.” एका घराच्या जागी तर रस्ताच गेला होता. तिथं काय करता, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, “उभा राहतो. गाडी आली की बाजूला होतो.”

ऐकून मला हसू आलं, आणि मग ते विरलं. सणाच्या दिवशी सगळं गाव आपापल्या घरी असतं, आणि हा माणूस रस्त्याच्या मधे उभा.

गिरणीत तो विणकामालाच होता. मी म्हटलं, मग माग रोजच बघता की. तर म्हणाला, “गिरणीच्या मागाला खड्डा नसतो, अक्का. उभ्यानं काम. हात चालतात, पाय रिकामे.” बोलताना त्याचे पाय पुढं-मागं हलायचे, पावडी दाबल्यासारखे. त्याच्या ते ध्यानात नसायचं.

“घरी कोण आहे?” असं सासूबाईंनी एकदा विचारलं.

“भोंगा आहे की. उठवतो, झोपवतो.”

बायको बाळंतपणात गेली होती. मूलही राहिलं नाही. हे त्यानं सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी गिरणीत ऐकलं. सासूबाईंनी त्या पौर्णिमेपासून शेंगांच्या पोळ्या जास्त करायला सुरुवात केली. तो अर्धी खायचा, उरलेली धोतराच्या सोग्यात बांधायचा. “ही भोंग्याला,” म्हणायचा.

मार्शल लॉ लागला त्या वर्षी माणसं दारं लावून बसली होती. पुढं सगळं निवळलं, तरी अनोळखी माणूस गल्लीत दिसला की लोक आत पळायचे. सासूबाई त्या पौर्णिमेला सकाळपासून चिडचिडत होत्या. भाकरी करपली, मला बोलणी बसली. दुपारी बाहेरून आवाज आला, “अक्का, बसतो न् जातो.” सासूबाई उठून दारात गेल्या आणि त्याच्यावरच डाफरल्या, “उशीर का रं केलास मुडद्या? हितं जीव टांगणीला लागलाय!” तो खुळ्यासारखा बघतच राहिला. मला वाटतं, त्याची वाट बघणारं माणूस त्याला कितीतरी वर्षांनी भेटलं असावं.

मग फरशी आली.

गल्लीत घरोघर शहाबादी फरशी बसत होती. आमच्या ह्यांनाही वाटलं, रोजचं सारवण सुटेल. गाडीभर फरशी दारात येऊन पडली. मी खूश. खोटं कशाला बोलू, शेणात हात घालून घालून वीट आला होता. पण सासूबाई गवंड्याला म्हणाल्या, “पुनवंपातूर थांबायचं.”

“श्रावणात कामं लई असत्यात, मावशी. मग मी गावनार न्हाय.”

“न्हाय गावलास तर दुसरा गवंडी बघीन. खाली एका मानसाचं काय तरी हाय. फरशी बसली की गेलं की त्ये कायमचं.”

पौर्णिमेला तो आला, दारातली फरशी पाहिली आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. चेहरा असा पडला की बघवेना. सासूबाई म्हणाल्या, “असा उबा का? आत ये. आज खनायचं हाय. तुजा धोटा काडून द्येती तुला.”

 आम्ही कणगी रिकामी करून आधीच सरकवली होती. त्यानं वाकून भुई वाजवली. ठक ठक. “लई घट्ट भरलंय अव्वानं,” म्हणाला. गवंड्यानं पहार घातली.

वरची सारवणाची खपली निघाली. खाली पिवळा मुरूम. पहार खण्णकन वाजून उडत होती. गवंडी घामाघूम झाला. गुडघाभर खाली गेला आणि थांबला. ढेकूळ हातात घेऊन फोडून बघितलं.

“ह्यो कोरा मुरूम हाय, मामा. भरलेली माती अशी नसती. हितं ह्याच्या आदी कुनी पहार मारलीच न्हाय.”

“जरा इकडं बघ.” त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिकडंही मुरूम. “जरा पुढं.” पुढंही तेच. आमचे हे मदतीला उतरले. सगळा कोपरा उकरून झाला. तांबोळीण दारात येऊन डोकावत होती, ती हळूच निघून गेली.

शेवटी त्यानंच गवंड्याच्या हाताला धरलं. “राहू दे. घर चुकलं माझं.”

“आसं कसं चुकंल? त्यो लिंब हाय की दारात,” सासूबाई म्हणाल्या.

“लिंब सगळीकडं असतात, अव्वा. मागच्या गल्लीतली ओळ मोडली रस्त्यात, तिथंही लिंब होता. ते असेल. गुडघ्याएवढा असताना बघितलेलं घर, काय कळतंय?” आणि मग एकदम त्याला शरम वाटली. शरमेनं माणूस लहान होतो म्हणतात, तसा तो आमच्या डोळ्यांदेखत लहान झाला. “म्हणजे मी इतकी वर्षं परक्याच्या घरात येऊन बसलो. सणावाराचं. तुमच्या पोळ्या खाल्ल्या. काय म्हणाला असाल तुम्ही?”

सासूबाई कडाडल्या. “काय म्हननार? घर चुकलं तर चुकलं. मानसं तर न्हाईत न्हवं चुकली? गप बस, न् पोळी खा.”

तो हसला. पण बसला नाही. गवंड्याला बाजूला करून त्यानं स्वतःच्या हातानं तो खड्डा भरला. ओंजळीनं माती टाकायचा आणि पायानं दाबायचा. आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही. हात धुऊन त्यानं वहाणा घातल्या. सासूबाईंनी पोळ्या फडक्यात बांधून दिल्या, त्या घेतल्या.

“म्होरल्या पुनवंला ये.”

“येतो,” म्हणाला. ‘बसतो न् जातो’ म्हणाला नाही. 

फरशी बसली. डाव्या अंगाला बसली, मधे बसली; उजव्या अंगाला बाजेखाली मात्र सासूबाईंनी बसवू दिली नाही. “दगडाचा गारठा हाडांत शिरतोय. मी मेल्यावर बसवा काय ती.” गवंड्यानं समजावलं, ह्यांनी समजावलं, मी तर हात टेकले. नव्याकोऱ्या फरशीला ती मातीची पट्टी ठिगळासारखी दिसायची आणि मला आल्यागेल्याची लाज वाटायची.

पुढच्या नारळी पौर्णिमेला पोळ्या झाल्या. सासूबाई सकाळपासून दारात. गल्लीत वहाण वाजली की मान वर करायच्या. दुपार झाली, भोंगा झाला, पोळ्या गार झाल्या. तो आला नाही. “आजारी असंल,” सासूबाई म्हणाल्या. मी पोळ्यांवर झाकण ठेवलं. आजारी माणूस बरा होऊन येतो. ह्याला येण्याचं कारणच राहिलं नव्हतं.

तुमच्याही घरी असं कुणी येत असेल. ना नात्याचं, ना जातीचं. येतं, बसतं, जातं. असेपर्यंत आपण त्याला मोजतही नाही. सण आला आणि ते आलं नाही की मग घर कसं रिकामं वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आमच्या घरात पोरं धरून पाच माणसं होती तरी.

त्याच साली हस्ताचा पाऊस पिसाळल्यासारखा आला. आमचं धाबं गळायला लागलं, आणि गळलं ते नेमकं बाजेपाशी. सासूबाई हटून तिथंच बसलेल्या. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर बाजेचा एक पाय हळूच भुईत शिरला. मग दुसरा. बाज कलंडली आणि सासूबाई घोंगड्यासकट खाली.

“आत्ता गं बया! मेले मेले!”

मी धावले. लागलं काही नव्हतं. पण हसू आवरेना म्हणून मी तोंड फिरवलं, आणि मागून आवाज आला तो वेगळाच. “सूनबाय. हिकडं ये. हात लाव.”

बाजेचा पाय गेला होता तिथली माती भुसभुशीत होती. मी मूठ घातली, मनगटापर्यंत गेली. मुरूम नव्हता. काळी, भरलेली माती. पाण्यानं खचून ती खाली बसली होती, आणि बसताना चारी बाजूंच्या कडा उघड्या टाकून गेली होती. चौकोनी. सरळ. माणसानं खणलेल्या.

सासूबाईंनी खुरपं मागितलं. मी आणायला उठले तोवर त्या हातानंच उकरायला बसल्या होत्या. दोघींनी मिळून माती काढली.  तळाशी माझ्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. म्हशीच्या शिंगाचा धोटा. दोन्ही टोकं निमुळती, मधे दोऱ्याच्या कांडीची पोकळी, आणि एका अंगाला अंगठ्यानं झिजून झिजून पडलेला खळगा. मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. फार मोठा होता तो हात.

“पन त्यो डावीकडं म्हनत व्हता,” सासूबाई म्हणाल्या. “उजेड उजव्या गालावर येतोय म्हनला व्हता.”  मग म्हातारी काठावर बसली, ताता बसत असेल तशी, भिंतीला पाठ लावून, पाय आत सोडून. मला म्हणाली, “तू पल्याड जाऊन बस. माज्याकडं तोंड करून. पोरगं बसत आसंल तशी.”

मी समोर जाऊन बसले.

“उजेड कुटल्या गालावर आला तुज्या?”

“उजव्या.”

“आन माज्या?”

“डाव्या.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. विणकराचं पोर. मागाच्या पलीकडं, ताताकडं तोंड करून, कांड्या भरत बसणारं. उजेड त्याच्या उजव्या गालावर यायचा, खराच यायचा. पण मोठा होऊन आयुष्यभर मागापाशी राहिलेला माणूस तो; आठवताना तो नकळत ताताच्या जागी जाऊन बसला, आणि घर नव्हे, नुसती बाजू उलटी झाली. इतकी वर्षं तो डावीकडं कोऱ्या मुरमाला कान लावत होता, आणि ताताचा धोटा समोर सासूबाईंच्या बाजेखाली होता. पाहुणा म्हणून आम्ही त्याला तिकडं कधी बसवलंच नव्हतं, आणि म्हातारीच्या बाजेवर तो कधी बसला नसता.

आमचे हे भर पावसात पूर्व भागात, त्याच्या लोकांच्या वस्तीत गेले. त्याची चाळ सापडली. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारची बाई म्हणाली, तो श्रावणाच्या आधीच गिरणी सोडून गेला. होटगी स्टेशनवर कुणीतरी त्याला पाहिलं, हातात गाठोडं, मोगलाईत वाडी जंक्शनकडं जाणाऱ्या गाडीत चढताना. जाताना तिला म्हणाला होता, “ताताचं इथलं घर माझं चुकलं. आता तिकडचं बघतो, जिथून ताता निघाला.”

“गाव कुठलं?” ह्यांनी विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. मोठं तळं आहे आणि ताडाची झाडं आहेत, एवढंच ताता सांगायचा. आता मोगलाईत तळं नाही आणि ताड नाहीत असं एक तरी गाव आहे का? ह्यांनी तिकडं जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना निरोप सांगून ठेवला. काही कळलं नाही.

हे घरी येऊन सांगत होते तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर धोटा होता. त्या ढसाढसा रडल्या. सासरे गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या म्हणतात. “घर चुकलं तर चुकलं, आसं म्या म्हनलं त्येला. आता त्येला कुनी सांगायचं, की घर बी चुकलं न्हवतं?”

दुसऱ्या दिवशी मी खड्डा बुजवायला माती गोळा केली. सासूबाईंनी घमेलं लाथेनं उडवलं.

“त्येची अव्वा काय म्हनायची? उगडा खड्डा घराकडं बोलावतोय. तिनं बुजवला म्हनून पोरगं दारोदार हिंडलं. म्या उगडा ठिवनार. बोलवू दे घराला.”

त्यावर ह्यांनी एक फळी करून टाकली. बाज कणगीच्या बाजूला गेली, फरशीवर. ज्या गारठ्याला म्हातारी इतकी भीत होती त्याच्यावर ती पुढं मरेपर्यंत झोपली आणि एकदाही कुरकुरली नाही.

सासूबाई गेल्या त्यालाही आता दिवस झाले. गवंडी अधूनमधून विचारतो, तेवढा तुकडा बसवून टाकू का. मी नको म्हणते. नारळी पौर्णिमेला पोळ्या करते, दार सताड उघडते आणि फळी उचलते. धोटा कोनाड्यातून काढून काठावर ठेवते. मग मी बसते, पण पलीकडं, पोराच्या जागेवर. ताताची जागा खड्डेमामांना मोकळी ठेवते. आता त्यांचाच तिथं बसायचा हक्क आहे. दुपारपर्यंत उजवा गाल चांगला तापतो. समोर कुणी नसतं.